गाडीच्या पोटातले टिचबटण

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी, तहनामे आणि तटबंद्या उभ्या राहतात. यंत्रांचा इतिहास म्हटला तरी फारसा फरक पडत नाही. तिथे तलवारीच्या जागी इंजिन येते आणि सेनापतीच्या जागी संशोधक येतो, एवढेच. पण तलवारीचे पाते मुठीत ज्या दोन रिव्हेटांनी घट्ट धरून ठेवले, त्यांची बखर कोणी लिहीत नाही. ती रिव्हेटे निसटली असती तर कितीतरी लढायांचे निकाल फिरले असते, हे मात्र कोणीही मान्य करील. ह्या दिवाळीत मी वाचकांपुढे अशाच एका उपेक्षित वस्तूची बखर ठेवणार आहे. ती वस्तू म्हणजे मोटारीच्या दरवाजाचे आतले पॅड जागच्या जागी धरून ठेवणारी, बोटाच्या पेराएवढी क्लिप.

ह्या क्लिपशी माझी ओळख झाली ती एका जुन्या फियाट ११०० मुळे. १९६० च्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ती गाडी पुन्हा मूळ रूपात उभी करण्याचा खटाटोप मी काही दिवस करीत होतो. इंजिनाचे काम माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर आटोपले. त्या इंजिनाचे वैद्य मुंबईत आणि पुण्यात अजून आहेत, आणि त्यांच्या हाताला यशही आहे. पत्र्याचे काम झाले, रंग झाला. गाडी अडली ती अगदी शेवटच्या टप्प्याला. नवे रेक्झिन चढवलेले पॅड दरवाजावर बसेना. एका बाजूची क्लिप बसवावी तर दुसऱ्या बाजूची उसळून बाहेर यावी, असा तो खेळ होता. हट्टी मुलाला गणवेश घालताना जी गत होते, तीच इथे. त्या हट्टाचे कारण शोधता शोधता मी बराच मागे गेलो. मागे म्हणजे किती? थेट घोडागाडीपर्यंत.

पहिल्या मोटारी म्हणजे घोडा सोडलेल्या बग्ग्याच होत्या, हे वाक्य पुष्कळदा म्हटले जाते. इंजिनाच्या बाबतीत ते कितपत खरे, हा वाद बाजूला ठेवू. आतल्या सजावटीच्या बाबतीत मात्र ते अक्षरशः खरे होते. गाडीचा सांगाडा लाकडाचा, आणि त्यावर चामडे किंवा कापड ठोकणारे कारागीर बग्गीच्या कारखान्यातूनच आलेले. त्यांचे हत्यार एक हलका हातोडा, आणि त्यांची शिदोरी म्हणजे चुका. चुका म्हणजे बारीक डोक्याचे आखूड खिळे. दुसऱ्या अर्थाच्या चुका हे कारागीर सहसा करीत नसत. मूठभर चुका तोंडात ठेवायच्या, जिभेने एकेक चूक डोके पुढे करून ओठांशी आणायची, हातोड्याच्या लोहचुंबकी टोकाने ती उचलायची आणि एका हाताने चामडे ताणून धरून दुसऱ्या हाताने ठोकायची. अमेरिकेत तर ह्या कामासाठी निर्जंतुक केलेल्या चुका खास पुड्यांतून विकल्या जात. चुकांच्या रांगेवर वरून एक गोठ किंवा पट्टी बसवली की काम झाले.

ह्या पद्धतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याने चूक ठोकली तोच, किंवा त्याच्याच तालमीतला दुसरा कोणी, दहा वर्षांनी ती उपटून नवे चामडे बसवी. लाकूड क्षमाशील असते. एक भोक निकामी झाले तर शेजारी दुसरी चूक मारता येते. तेव्हा बांधणारा आणि दुरुस्त करणारा हे दोघे एकाच आळीत राहत, एकच भाषा बोलत आणि एकच हातोडा वापरीत.

ही आळी मोडली ती पोलादाने. फिलाडेल्फिया शहरात एडवर्ड बड नावाच्या कारखानदाराने १९१२ साली आपली कंपनी काढली. जोझेफ लेडविंका ह्या ऑस्ट्रियात जन्मलेल्या इंजिनियराच्या मदतीने त्याने गाडीची सबंध बॉडी पोलादी पत्रे दाबून आणि वितळजोड देऊन बनवण्याचा ध्यास घेतला. १९१४ साली डॉज बंधूंनी आपली स्वतःची पहिली गाडी बाजारात आणली ती बडच्या पोलादी बॉडीसह. लाकूड वाळवायला वेळ लागे, रंग सुकायलाही वेळ लागे. पोलादी बॉडी सरळ भट्टीत घालून रंग पक्का करता येई. हा फायदा एवढा मोठा होता की पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत लाकूड मोटारीतून जवळजवळ हद्दपार झाले. १९३४ साली जनरल मोटर्सने पुढच्या वर्षाच्या गाड्यांसाठी एकसंध पोलादी छप्पर जाहीर केले, तेव्हा डोक्यावरच्या लाकडी पट्ट्याही जाऊ लागल्या.

पोलादाने सगळ्यांची सोय केली. गैरसोय झाली ती एकट्या कुशनवाल्याची. पोलादात चूक शिरत नाही! काही काळ कारखान्यांनी पोलादी चौकटीत लाकडाच्या किंवा दाबलेल्या कागदाच्या पट्ट्या बसवून वेळ मारून नेली, म्हणजे चुका मारायला जागा राहावी. पण पट्टी बसवायला पुन्हा वेळ लागणार. आणि त्या काळी वेळ ह्या वस्तूला काय भाव आला होता पाहा. हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ साली सरकती जुळणी-रांग सुरू झाली. एका गाडीचा सांगाडा जुळवायला आधी साडेबारा तास लागत. पुढच्या वर्षी ते काम ९३ मिनिटांवर आले. अशा रांगेवर तोंडात चुका धरून उभा राहिलेला कारागीर कसा खपावा? कारखान्याला आता असे काहीतरी हवे होते की जे कोणीही, एका दणक्यात, हत्याराशिवाय बसवू शकेल. पत्र्यात आधीच भोक पाडलेले असावे, पॅडच्या पाठीवर खुंटी आधीच लावलेली असावी, आणि दोघांची गाठ तळहाताच्या एका फटक्याने पडावी.

हे काहीतरी आपल्या घरात शिवणाच्या डब्यात पडलेले असते. पोलक्याचे किंवा झबल्याचे टिचबटण आठवा. एका तुकड्यावर छोटा गोल उंचवटा, दुसऱ्यावर खळगा, आणि खळग्यात बारीक स्प्रिंग. दाबले की टिच्, ओढले की टिच्. ही युक्ती जर्मनीतील फोर्त्सहाइमच्या हेरिबर्ट बाउअरने १८८५ साली पुरुषांच्या विजारीसाठी काढली. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या आल्बेर-पिएर रेमाँने आपल्या दाबबटणाचे पेटंट घेतले. ग्रेनोबल हे हातमोज्यांचे शहर. मऊ चामड्याच्या मोज्याला मनगटाशी काजाबटण लावणे कठीण, म्हणून ह्या बटणाला तिथे घराघरातून मागणी आली. पुढे १९०३ साली श्टोलबर्गच्या हान्स प्रिमने खळग्यात इंग्रजी एस अक्षराच्या आकाराच्या दोन बारीक तारा बसवल्या, आणि टिचबटणाला आजचे रूप आले.

विजारीतून मोटारीत हे बटण शिरले ते पावसामुळे. सुरुवातीच्या गाड्या उघड्या असत. पाऊस आला की दोन्ही बाजूंना पडदे लावायचे, आणि ते पडदे धावत्या वाऱ्यात उडू नयेत म्हणून त्यांना बटणे हवीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिज गावी कार फास्टनर कंपनी ह्याच कामाला लागली. ‘कार’ हे तिच्या मालकाचे आडनाव होते. मोटारीशी नाव जुळले हा निव्वळ योगायोग. तिने काढलेले एक बटण मोठे चतुर होते. त्याच्या एका कडेवर ठिपका असे. त्या ठिपक्याच्या बाजूने उचलले तरच ते सुटे. बाकी तिन्ही बाजूंनी वारा कितीही ओढो, ते हलत नसे. एकाच दिशेने ऐकणारे बटण! इथे आपल्या हट्टी क्लिपचे कूळ सापडते. ग्रेनोबलच्या रेमाँ घराण्याची कंपनीही पुढे हातमोजे सोडून मोटारीच्या क्लिपांकडे वळली. तिचे मुख्य ठाणे आजही त्याच गावात आहे.

क्लिपचे मर्म समजून घ्यायला भूमितीचे पुस्तक नको. दरवाजाच्या पॅडला पाठीमागून दाबलेल्या भुशाचा बोर्ड असतो. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात विल्यम मेसनने १९२४ साली वाफेच्या दाबाने लाकडाच्या चिपा फोडून असा हार्डबोर्ड बनवला, आणि मोटारवाल्यांनी त्याच्यावर झडप घातली. ह्या बोर्डाच्या कडेने कुलपाच्या छिद्रासारखी, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद अशी खाचे असतात. त्या प्रत्येक खाचेत स्प्रिंगच्या तारेची एक क्लिप अडकवलेली असते. तिचे दोन पाय कमळाच्या कळीसारखे फुगीर. कळीचे टोक निमुळते, म्हणून ती पत्र्याच्या भोकात शिरताना पाय हळूच मिटतात. फुगवटा पलीकडे गेला की पाय पुन्हा उघडतात आणि पॅड पत्र्याला चिकटून बसते. आत जाण्याचा उतार लांब आणि सौम्य, बाहेर येण्याचा उतार आखूड आणि उभा. आत जायला थोडे बळ लागते, बाहेर यायला त्याच्या कितीतरी पट. वर्षानुवर्षे खड्ड्यांतून धक्के खात पॅड सुटू नये, हाच तर तिचा धर्म. ज्याला आपण हट्ट म्हणतो ती तिची नोकरी आहे.

स्क्रूची कथा ह्याच काळातली, पण वळण वेगळे. सरळ खाचेच्या स्क्रूवरून स्क्रूड्रायव्हर घसरतो आणि शेजारच्या चामड्यात घुसतो, हा कुशनवाल्यांचा जुना शाप होता. कॅनडात पीटर रॉबर्टसनने १९०८ च्या सुमारास चौकोनी खाचेचा स्क्रू काढला. १९३६ साली अमेरिकेतील पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सला अधिक-चिन्हासारख्या खाचेच्या स्क्रूची पेटंटे मिळाली, आणि कॅडिलॅक गाड्यांच्या जुळणीत तो प्रथम वापरला गेला. यंत्राचे टोक त्या खाचेत आपोआप मधोमध बसते, म्हणून रांगेवर तो सोयीचा. क्लीव्हलंडच्या टिनरमन घराण्याची गोष्ट तर आपल्या स्वयंपाकघरातून निघालेली. ते शेगड्या बनवीत. शेगडीच्या काचमुलाम्याच्या पत्र्यावर नट आवळला की मुलामा तडके. म्हणून त्यांनी १९२० च्या दशकात पातळ स्प्रिंग-पत्र्याचा एक नट काढला. तो आवळावा लागत नाही, नुसता ढकलून बसवता येतो. पुढे फोर्डच्या गाड्यांत आणि विमानांतही तो गेला. विजारीचे बटण आणि शेगडीचा नट मोटारीत एकत्र नांदू लागले ते असे.

आता आपल्या अंगणात येऊ. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता. सुटे भाग पेट्यांतून यायचे, इथे जोडायचे. गाडी हिंदुस्थानात जुळे, पण तिची प्रत्येक क्लिप परदेशातून येई. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना ही जुळणी पुरेशी वाटत नव्हती. गाडी इथे घडली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. जहाजे आणि विमाने ह्यांच्या उद्योगांत हात घातलेल्या ह्या माणसाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी झालेल्या कराराप्रमाणे डॉज आणि डिसोटो. म्हणजे ज्या डॉज नावाने १९१४ साली पोलादी बॉडीची वाट मोकळी केली, तेच नाव कुर्ल्यात स्वातंत्र्याच्या वर्षी अवतरले.

पुढची पावले झपाट्याने पडली. १९५३ साली टॅरिफ कमिशनने मोटार-उद्योगाविषयी शिफारशी केल्या. ज्यांच्यापाशी इथेच भाग बनवण्याची योजना नाही, त्यांनी जुळणीचा धंदा आवरता घ्यावा, असे सरकारने त्यावरून ठरवले. पुढच्याच वर्षी शिवडीच्या कारखान्याला टाळे लागले. वालचंद हिराचंद १९५३ सालीच निवर्तले होते. पण १९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० येऊ लागली. दांते जाकोसा ह्या इटालियन अभियंत्याच्या देखरेखीखाली घडलेली, १०८९ सीसी इंजिनाची ही गाडी जिनीव्हाच्या प्रदर्शनात लोकांनी १९५३ साली प्रथम पाहिली होती. इथे तिने नावे बदलली: एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. नावे बदलली तरी कूळ तेच राहिले, आणि ती चांगली चाळीस-पंचेचाळीस वर्षे आपल्या रस्त्यांवर नांदली.

आयातीवर कडक निर्बंध असलेल्या त्या काळात गाडीचा एकेक भाग इथेच बनवणारे छोटे कारखाने उभे राहिले. हे श्रेय मोठे आहे. तरी दुरुस्ती करणाऱ्याच्या वाटणीला एक वेगळीच अडचण आली. पॅड एकदा काढले की दोन-चार क्लिपा हमखास वाकतात किंवा तुटतात. इंजिनाचा पिस्टन मिळवायला माणूस चार दुकाने हिंडेल, परवाना मागेल, चिठ्ठी आणील. क्लिपसाठी कोण हिंडणार? मग दाराच्या पॅडवर सरळ आरपार स्क्रू मारायचा, खाली चकचकीत वाटीसारखा वॉशर घालायचा, की झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या कोणालाही ते स्क्रू आठवतील. दरवाजाच्या पॅडवर चार कोपऱ्यांत चार, मधे दोन, कधी एक तिरपा. ड्रायव्हरला त्यात लाज नव्हती. काच खाली-वर होईना तर सिग्नलला उभ्या उभ्या दोन स्क्रू काढून हात आत घालता येई. कारखान्याने क्लिप निवडली होती ती जुळणीच्या रांगेवरच्या कामगाराला सोपे जावे म्हणून. टॅक्सीवाल्याने स्क्रू निवडला तो उघडणाऱ्याला सोपे जावे म्हणून.

माझ्या गाडीच्या दरवाजांत ही दोन्ही हस्ताक्षरे होती. जुने रेक्झिन काढल्यावर पत्र्यात कारखान्याची गोल, रेखीव भोके दिसली, आणि त्यांच्या मधे मधे कोणा अज्ञात मिस्त्रीने पाडलेली वेडीवाकडी भोके. ज्या वयोवृद्ध कुशनवाल्या उस्तादांकडे मी काम सोपवले होते, त्यांनी दरवाजावर हात फिरवून त्या दोन पिढ्यांची भोके डोळे मिटून वेगळी सांगितली. क्लिप बसत नाही हे पाहून मी हातोडी उचलली तेव्हा ते म्हणाले, “साहेब, तिला मारू नका. ती ऐकेल, पण पॅड फाटेल. आधी भोक बघा, मग बोर्ड बघा, क्लिपला सगळ्यांत शेवटी दोष द्या.”

त्यांच्या ह्या तीन वाक्यांत सगळी विद्या आली. ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी असेल त्यांच्यासाठी ती थोडी फोडून सांगतो.

आधी भोक. नव्या रंगाचे दोन-तीन थर चढले की भोकाचा व्यास कमी होतो, आणि जुना गंज असेल तर त्याची कड खरखरीत होते. बारीक गोल कानसीने ती कड साफ करायची, आणि उघड्या पडलेल्या पत्र्याला लगेच प्रायमरचे बोट लावायचे. नाहीतर पुढच्याच पावसाळ्यात तिथे गंज धरतो.

मग बोर्ड. दरवाजाच्या काचेच्या फटीतून पावसाचे पाणी आत जातेच. ते जावे अशीच रचना असते. दरवाजाच्या तळाशी त्यासाठी निचऱ्याची भोके ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचते, बोर्ड ते पिऊन फुगतो, आणि खाचा आपली जागा सोडतात. मुंबईच्या पावसाने जितकी पॅडे खाल्ली तितकी अपघातांनीही खाल्ली नसतील. म्हणून आधी निचरा मोकळा करायचा. मग पत्र्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद चिकटवायचा, त्याचे खालचे टोक दरवाजाच्या आत सोडायचे, आणि नंतरच पॅडचा विचार करायचा. नवा बोर्ड कापायचा असेल तर खाचा जुन्या बोर्डावरून न आखता दरवाजाच्या पत्र्यावरून आखायच्या. जुना बोर्ड फुगलेला साक्षीदार; त्याची जबानी भरवशाची नसते.

शेवटी क्लिप. नव्या क्लिपेचे पाय फार ताठ असतील तर पक्कडीने किंचित मिटायचे. किंचित म्हणजे नखाच्या जाडीएवढे. टोकाला मेण किंवा कोरडा साबण चोळायचा. तेल नको, ते बोर्डातून झिरपून रेक्झिनवर किंवा कापडावर डाग पाडते. क्लिप नायलॉनची असेल तर ती थोडा वेळ गरम पाण्यात ठेवायची, म्हणजे ती नरम होऊन तुटत नाही. मग वरची कड आधी काचेखालच्या पट्टीत अडकवायची आणि एका कोपऱ्यापासून क्रमाने पुढे जायचे. प्रत्येक क्लिप बोटाने चाचपून भोकासमोर आणायची. खाच लांबट ठेवलेली असते ती ह्याच सरकवण्यासाठी. नेमकी समोर आली असे वाटले की तळहाताच्या टाचेने तिच्या बरोबर डोक्यावर एक फटका द्यायचा. दोन क्लिपांच्या मधे फटका दिला तर बोर्ड वाकतो आणि आधी बसलेली क्लिप उसळते. बसली की ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येतो. आवाज बोदा आला तर ती भोकात न जाता पत्र्यावर टेकली आहे, तिथेच थांबायचे.

काढतानाही असेच. चिमट्यासारखे दुबेळके असलेली पट्टी क्लिपच्या अगदी मानेखाली सरकवून उचलायची. पॅडची कड धरून ओढले की क्लिप पत्र्यात राहते आणि बोर्डाचा तुकडा हातात येतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत काचेच्या हँडलला घोड्याच्या नालासारखी एक बारीक स्प्रिंग धरून ठेवते. हँडलमागे फडक्याची पट्टी घालून ती बूट पुसल्यासारखी इकडून तिकडे ओढली की स्प्रिंग उडून बाहेर येते. ती कुठे जाते ते बघायला दुसरा माणूस जवळ ठेवावा! आमच्या घरी हे काम आमच्या सौ.कडे होते. कपाटाखालून ती स्प्रिंग काढून देताना त्या म्हणाल्या, “एवढ्याशा वस्तूसाठी इतका जीव टाकता, माझ्या पोलक्याचे टिचबटण गेले महिनाभर तुटले आहे.” बाउअर आणि रेमाँ ह्या दोघांचे कूळ मी त्यांना सांगितले, पण त्यांच्या मते इतिहास शिवणकामाला पर्याय होत नाही.

माझ्यापुढे खरा प्रश्न मात्र पॅड बसवण्याचा नव्हताच. प्रश्न होता तो त्या वेड्यावाकड्या भोकांचा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात सांभाळलेले आणि मोठे फेरफार न झालेले वाहन व्हिंटेज म्हणून नोंदता येते. त्याच्या नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि ते धंद्यासाठी चालवता येत नाही. नियम चांगला आहे. पण मूळ रूप म्हणजे नेमके कोणते? कारखान्याच्या दारातून गाडी बाहेर पडली त्या सकाळचे, की पुढची पन्नास वर्षे ती ज्या रूपात माणसांना घेऊन फिरली ते? उस्तादांचा मुलगा म्हणाला की भोके भरून घासून टाकू, पत्रा नव्यासारखा होईल. परीक्षकही तेच पसंत करतील.

ह्या प्रश्नाला मुंबईत एक तारीख आहे. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहराच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे धावेनाशी झाली. त्या दिवशी वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. गाडीच्या आकाराविषयी, मीटरविषयी, टपावरच्या कॅरियरविषयी लोक भरभरून बोलले. पण त्या टॅक्सीला चार दशके ज्याने चालू ठेवले तो मनुष्य, म्हणजे क्लिप मिळत नाही म्हणून स्क्रू मारणारा मिस्त्री, कोणाच्या आठवणीत फारसा आला नाही. त्याने पेटंट घेतले नाही, त्याच्या नावाची कंपनी नाही, आणि त्याचे काम झाकून टाकणे ह्यालाच आपण जीर्णोद्धार म्हणतो.

देवळांच्या बाबतीत आपण हे शिकलो आहोत. हेमाडपंती भिंतीवर पेशवाईतला सभामंडप आणि त्यावर कालपरवाचा पत्रा, हे सगळे थर जाणकार मनुष्य वेगवेगळे वाचतो; खालचा थर दिसावा म्हणून वरचा सरसकट खरवडून काढीत नाही. मोटार ही देवळापुढे पोरवयाची वस्तू खरी. पण पोराच्या गुडघ्यावरचे व्रणही त्याच्या आईला इतिहासासारखेच पाठ असतात.

आजच्या गाड्यांत हा थरांचा प्रश्नच उरणार नाही, असे मला वाटते. दरवाजाच्या पॅडला आता नायलॉनची, सुरूच्या झाडासारख्या फांद्यांची खुंटी असते. ती एकदा आत गेली की सहसा धड बाहेर येत नाही. पॅड काढले की जुनी टाकून नवी घालायची, अशीच योजना असते. कारखान्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच आहे. पण चुकेपासून क्लिपेपर्यंतच्या ह्या वाटेवर एक गोष्ट हळूहळू सुटत गेली. चूक ठोकणारा आणि उपटणारा एकाच आळीत राहत होते. स्क्रूला निदान डोके होते. कुठून उघडायचे ते तो सांगत असे. क्लिप पाठीमागे लपली, आणि नायलॉनच्या खुंटीने तर उघडणारा माणूस गृहीत धरणेच सोडून दिले. वस्तू बांधताना ती पुढे कोणीतरी उघडणार आहे, त्याचेही बोट त्यात शिरावे, हा विचार म्हणजे एक प्रकारचे सौजन्य होते.

म्हणून उस्तादांना मी एवढेच सांगितले की कारखान्याच्या भोकांत कारखान्यासारख्याच क्लिपा बसवू, पॅडही मूळच्या रंगाचे करू. बाहेरून गाडी १९६० च्या दशकातलीच दिसू दे. पण मिस्त्रीची भोके बुजवायची नाहीत. त्यांच्या कडांना प्रायमर लावायचा, गंज थांबवायचा, आणि वरून पॅड चढवायचे. उस्तादांनी मान डोलावली. त्यांच्या मुलाला हे पटले नाही, आणि त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे हे मी नाकारीत नाही.

आता ते पॅड बसले आहे. बावीस क्लिपा, बावीस टक्. पन्नास वर्षांनी कोणीतरी ते पुन्हा काढील, आणि त्याला पत्र्यावर दोन हस्ताक्षरे दिसतील: एक कुर्ल्याच्या दाबयंत्राचे आणि एक हातात ड्रिल धरून घाईघाईत काम उरकणाऱ्या गरजू माणसाचे. त्यातले कोणते अधिक मौल्यवान ते त्याने ठरवावे. आपण त्याला उघडायला जागा ठेवावी, एवढेच आपल्या हाती असते.